चरकाचा शब्द आणि कॅप्सूलमधली पूड

वेदांचं प्रामाण्य सिद्ध करताना न्यायसूत्रकार गौतमाने दाखला दिला तो आयुर्वेदाचा. सांगितल्याप्रमाणे औषध घेतलं की गुण येतो हे लोकांनी पाहिलेलं असतं. म्हणून ते सांगणारे आप्त, म्हणजे विश्वासार्ह जाणकार, आणि त्यांचा शब्द प्रमाण. म्हणजे आपल्याच दर्शनपरंपरेत आयुर्वेदाचा अधिकार पडताळ्यावर उभा आहे. तरीही आज कुणी अश्वगंधेच्या कॅप्सूलची प्रयोगशाळेत तपासणी मागितली, की त्याला अश्रद्ध ठरवायची घाई होते. ही घाई शास्त्राच्याच विरुद्ध आहे. चरकावर पूर्ण विश्वास ठेवला, तरी तो बोलतो वनस्पतीबद्दल. या बाटलीत तीच वनस्पती आहे, मुळाच्या जागी पाला भरलेला नाही, सोबत शिसं आलेलं नाही, याची हमी तो कशी देणार? तिथे प्रत्यक्षच लागतं, आणि आप्तोपदेशाच्या बरोबरीने प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती या परीक्षा चरकसंहितेनेच सांगितल्या आहेत.

गुळवेलीचंच पाहा. कोविडच्या पहिल्या वर्षी गुळवेल घेत असलेल्या, यकृताला इजा झालेल्या मुंबईतल्या ६ रुग्णांची नोंद डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने निष्कर्ष अमान्य केला आणि गुळवेल समजून तिच्याच कुळातली टिनोस्पोरा क्रिस्पा घेतली गेली असावी, अशी शक्यता मांडली. हे उत्तर खरं मानलं तर काळजी वाढते. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारख्या ठळक गाठी असतात. वेल समोर असेल तर जाणकार ती ओळखेल. पण वाळवून, दळून कॅप्सूलमध्ये भरल्यावर ना पान उरतं ना गाठ. वैद्याच्या डोळ्यांचं काम तिथे यंत्रावरच सोपवावं लागतं. आणि दोष खुद्द गुळवेलीचा असेल, तर किती दिवस, किती मात्रेत घ्यायची, कुणी घ्यायची नाही, हे कळायलाही नोंदी आणि तपासणीच हवी.

पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर हाच पुरावा, असं म्हणतात. त्या वापराचं मोल मी मानतो. पण तो होता वैद्याने प्रकृती पाहून, ठरावीक दिवसांसाठी दिलेल्या काढ्याचा. दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेतलेल्या अर्काला तो अनुभव लागू होत नाही. शिवाय हजारांत एखाद्यालाच होणारी, सावकाश होणारी इजा घरगुती अनुभवाला दिसतही नाही. रस, वीर्य, विपाक यंत्राने मोजता येत नाहीत, हा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. पण शिसं मोजता येतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्यानंतर भारत सरकारने १ जानेवारी २००६ पासून वनौषधींच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची केली. ही सक्ती आधी परदेशी गिऱ्हाइकासाठी झाली, हे मला फार लागतं. रसौषधींत धातू मुद्दामच असतात, हे खरं. पण भस्म पाण्यावर तरतं का, चिमटीत चोळल्यावर बोटांच्या रेषांत शिरतं का, या कसोट्या रसशास्त्रानेच घालून दिल्या आहेत. त्या आचार्यांना तपासणीत अपमान दिसला नाही. आज बाटलीवर बॅच नंबर छापलेला असतोच. त्या बॅचचा अहवाल विकत घेणाऱ्याला वाचता यावा, एवढीच मागणी आहे.