खाऊनही रोड
(शास्त्रपाठ : उत्पत्ति ४१ : १७ ते २१)



फारोचे स्वप्न आपणांपैकी बहुतेकांस शब्बाथशाळेपासून ठाऊक आहे. नदीतून सात पुष्ट गाई वर आल्या. त्यांच्यामागून सात रोड व कुरूप गाई आल्या आणि त्यांनी त्या पुष्ट गाई खाऊन टाकल्या. योसेफाने ह्याचा अर्थ दुष्काळ असा सांगितला, व आम्ही उपदेशक लोकही तेथेच थांबतो. परंतु फारो आपले स्वप्न योसेफास सांगताना एक गोष्ट अधिक बोलला आहे, तिजकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. ती ही की, एवढे खाऊनही त्या रोड गाईंनी काही खाल्ले असेल असे त्यांजकडे पाहून कोणासही वाटले नसते. त्या पूर्वी होत्या तशाच राहिल्या.

हा अध्याय आम्ही पुष्कळ वर्षे वाचीत आलो. पण त्यातील हे वाक्य आम्हांस कळले ते मराठवाड्यातील एका खेड्यात, एका झोपडीच्या दारात. घरातील माणसे ऊसतोडीहून नुकतीच परतली होती. चार वर्षांचा मुलगा उंबऱ्यापाशी बसून भिंतीची माती खरवडून खात होता. पोट नगाऱ्यासारखे, हातपाय काड्यांसारखे, डोळे पांढरेफटक. आम्ही त्याच्या आईस म्हणालो, “बाई, लेकराला पोटभर घालत जा. देवाने दिलेले लेकरू आहे.” ती काही वेळ बोलली नाही. मग भाकरीची टोपली पुढे सारून म्हणाली, “पाळकसाहेब, माझ्या तोंडातला घास काढून ह्याला देते. दोन वेळा भाकरी खातो. ते कुठं जातं, देवालाच ठाऊक.” जाऊबाई म्हणाली की मुलास दृष्ट लागली आहे. त्याच्या गळ्यात काळा दोरा होता. आम्ही त्या दोऱ्यावरून दोघींना चार शब्द सुनावले, प्रार्थना केली आणि पुढच्या घरी गेलो.

त्या दिवशी आम्ही एका निर्दोष आईस दोषी ठरविले, हे आज लिहिताना लाज वाटते. भाकरी कोठे जात होती हे पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी आम्हांस सांगितले. मुलाच्या पोटात जंत होते.

ह्या विषयाची आपल्यात कुजबूज होते, चर्चा होत नाही; म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. मोठा जंत वीतभर किंवा त्याहूनही लांब वाढतो व आतड्यात राहून मुलाच्या अन्नात वाटेकरी होतो. तो भूक मारतो, आणि खाल्लेल्यातील सत्त्व, विशेषतः डोळ्यांस लागणारे अ जीवनसत्त्व, अंगी लागू देत नाही. त्याची एक मादी दिवसास सुमारे २,००,००० अंडी घालते. ती अंडी विष्ठेबरोबर मातीत पडतात, दोनतीन आठवड्यांत तयार होतात आणि न धुतलेल्या हातांनी, भाजीने, खेळण्यातल्या मातीने पुन्हा तोंडात जातात. दुसरी जात अंकुशकृमीची. हा बोटाच्या पेराहूनही लहान. पण तो आतड्याच्या भिंतीस दात रोवून रक्त पितो. एकटा थेंबभराहून अधिक पीत नाही. शेकड्यांनी असले म्हणजे मूल पांढरे पडते. त्याच्या अळ्या ओल्या मातीत असतात व अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. अशक्त मुलाचे शरीर रोगाशी झुंजण्यास असमर्थ असते, म्हणून त्यास जंत सोसवत नाहीत. आणि जंतांमुळे ते अधिकच अशक्त होते. असे हे रहाट फिरत राहते.

अशा मुलास शाळेत मास्तर मंद म्हणतात व घरी बाप आळशी म्हणतो. अमेरिकेच्या दक्षिण प्रांतांतील गरीब शेतकऱ्यांसही पूर्वी जगाने असेच आळशी ठरविले होते. १९०९ साली रॉकफेलर ह्यांच्या देणगीतून तेथे आयोग नेमला गेला व शाळेच्या वयाच्या मुलांची तपासणी झाली, तेव्हा दर १०० मुलांपैकी सुमारे ४० जणांच्या पोटात अंकुशकृमी सापडले. ज्यास लोक स्वभाव समजत होते तो रक्तक्षय होता. आपल्या महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील १०० मुलांपैकी ३५ वयाच्या मानाने खुजी व ३६ कमी वजनाची आढळली. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत १०० पैकी सुमारे ६९ जणांस रक्तक्षय होता. ह्या सर्वांचे कारण जंतच होत असे आम्ही म्हणत नाही. दारिद्र्य आहे, बालविवाह आहे, वरचे अन्न उशिरा सुरू करण्याची आपली खोड आहे. परंतु ज्या घरी मूल खाते आणि तरी वाळते, तेथे आईस दोष देण्यापूर्वी पोटात कोण बसला आहे हे पाहिले पाहिजे.

त्या मुलास गोळी मिळाली. जंत पडले, आणि आई घाबरली. आम्ही देवाचे आभार मानले व मंडळीत साक्षही दिली. येथे आमची दुसरी चूक झाली. सहा महिन्यांनी पाहतो तो मूल पुन्हा तसेच.

मत्तयाच्या १२ व्या अध्यायात प्रभूने सांगितलेला दाखला आम्हांस तेव्हा आठवला. अशुद्ध आत्मा घरातून निघून गेला, घर झाडून नीटनेटके केले, परंतु ते रिकामेच राहिले. तेव्हा तो आपणाहून वाईट असे आणखी सात घेऊन परतला. जंत पोटात पिले वाढवून आपली संख्या वाढवीत नाहीत. प्रत्येक नवा जंत बाहेरच्या मातीतून येतो. गोळी आतल्यास काढते, दार मात्र लावीत नाही. उत्तर प्रदेशात १९९९ ते २००४ ह्या काळात सुमारे १० लक्ष लहान मुलांच्या गावांत ह्याची मोठी परीक्षा झाली व तिचे फळ २०१३ साली प्रसिद्ध झाले. दर सहा महिन्यांनी गोळी देऊनही मुलांच्या वजनात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. ह्यावरून कोणी गोळी टाकून देऊ नये. जेथे जंतांचा भार मोठा आहे तेथे ती अवश्य पाहिजे. पण तिच्या मागून ताट व तिच्या पुढे स्वच्छ जमीन नसेल तर तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा करणे तिच्यावर अन्याय आहे.

जमिनीविषयी परमेश्वराने आपल्या लोकांस फार पूर्वी शिकविले आहे. अनुवादाच्या २३ व्या अध्यायात इस्राएलाच्या छावणीस आज्ञा आहे की, बहिर्दिशेस जाण्यास छावणीबाहेर जागा असावी, हत्यारांबरोबर एक कुदळी असावी, खणावे व विष्ठा झाकावी. कारण परमेश्वर छावणीतून फिरतो. ह्या शास्त्रभागावर आम्ही आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही, आणि दिलेलाही नाही. सभ्य लोक असल्या वचनांस ओलांडून जातात. पण आमच्या गावाची गोदरी विहिरीच्या वाटेवर आहे, पावसाळ्यात तिचे पाणी कोठे उतरते हे सर्वांस ठाऊक आहे, आणि लहान मुले तर अंगणाच्या कोपऱ्यातच बसतात. लहान मुलाची विष्ठा निरुपद्रवी असते असे आपल्या आयाबाया समजतात. अंडी तिच्यातही असतात.

कोणी म्हणेल, हे काम डॉक्टरांचे आहे, उपदेशकाचे व बायबलबाईचे नव्हे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे जाऊन राहिले. त्यांनी हे काम गावोगावच्या बायांच्या हाती दिले. त्यांतील कित्येकींस अक्षरओळखही नव्हती. त्या मुलांचे वजन करावयास, जुलाबावर मीठसाखरेचे पाणी द्यावयास, शेजारणीस स्वच्छतेचे सांगावयास शिकल्या. त्या करू शकल्या तर आमच्या सुवार्तिकांस ते जड जाऊ नये.

याइराच्या मुलीस प्रभूने उठविल्यावर तो काय बोलला, हे मार्काने लिहून ठेवले आहे : तिला खावयास द्या. आम्हीही आता त्या आईस तेच सांगतो, पण रागावून नव्हे. डाळ, शेंगदाणे, मिळाल्यास अंडे, शेवग्याचा पाला. अंगणवाडीतून येणारा आहार सर्वांत वाटून न संपविता त्या लेकरासाठी राखावा. गोळीचा दिवस चुकवू नये. २०१५ पासून सरकार ती वर्षातून दोनदा, बहुधा फेब्रुवारी व ऑगस्टात, शाळांतून व अंगणवाड्यांतून फुकट देते. एक ते दोन वर्षांच्या मुलास अर्धी, चुरून पाण्याबरोबर. त्याहून मोठ्यास एक; ती तीन वर्षांपर्यंत चुरून, पुढे चावून. एक वर्षाखालील मुलास देऊ नये, व मूल आजारी असेल तर बरे झाल्यावर द्यावी. गोळीनंतर एखादे मूल ओकते किंवा त्याचे पोट दुखते. बहुधा पोटात जंत फार असतात म्हणून तसे होते. तेवढ्यावरून गोळीत विष आहे अशी आवई उठविण्याचे पाप आपल्या मंडळीतील कोणी करू नये. मागल्या खेपेस ते झाले.

आता आमच्याविषयी. आमच्या प्रार्थनामंदिराच्या आवारात पक्का शौचकूप आहे. त्यास कुलूप असे व किल्ली पाळकाच्या घरी खुंटीस टांगलेली असे. शहरातून पाहुणे आले म्हणजे ती निघे. आराधनेस आलेली मुले मागच्या बोरीखाली जात. ते कुलूप गेल्या महिन्यात काढले आहे. आत साबण ठेवला तो दोनदा नाहीसा झाला, तिसरा टिकला आहे. पाण्याची घागर कोणी भरावयाची ह्याविषयी मात्र अजून एकमत झालेले नाही. त्याचा विचार येत्या रविवारी आराधनेनंतर करावयाचा आहे, तरी पंचांनी व बायांनी थांबावे.