आधी पात्रता की आधी विश्वास?



कोल्हापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना मिरज, सांगली मागे पडली की किर्लोस्करवाडी स्टेशन लागते. या स्टेशनाचे मूळ नाव कुंडल रोड. ज्यांच्यामुळे ते बदलले, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चित्र असलेले तिकीट टपाल खात्याने १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला काढले.

‘स्वतःच्या हिमतीवर उभे राहिलेले उद्योजक’ अशी त्यांची ओळख आपण मुलांना करून देतो, आणि ती खोटी नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा हा मुलगा चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. तेथे कळले की आपल्या डोळ्यांना सगळे रंग नीट ओळखता येत नाहीत. रंग सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, तोच विषय व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवू लागले. पुढे नोकरी सोडून बेळगावात बंधू रामुअण्णांबरोबर सायकलींचे दुकान थाटले. मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमिनीत विष भिनते, ही शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली! एवढा धीर आपल्यापैकी किती जणांना आहे?

पण गोष्ट येथे संपत नाही. बेळगावच्या नगरपालिकेला जागा हवी होती, म्हणून कारखाना हलवण्याची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कर्ज देऊ केले आणि कुंडलजवळचा माळ दिला. निवडुंग आणि सापांच्या त्या ओसाड माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. म्हणजे हिंमत त्यांची स्वतःची होती, पण पायाखालची जमीन दुसऱ्याने विश्वासाने दिलेली होती.

कोणी म्हणेल, राजांनी आधी लक्ष्मणरावांचे काम पाहिले असेल. पात्रता पाहून विश्वास ठेवण्यात नवल ते काय? ठीक आहे. पण लक्ष्मणरावांनी पुढे काय केले ते पाहू या. वाडीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. आणि रात्रीच्या राखणीला तुरुंगात शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली. चोरीची ज्यांच्यावर सगळ्यांत आधी शंका घ्यावी, त्यांच्याच हाती राखण! येथे पात्रतेचा दाखला कोठे होता?

येथे आम्हांला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात एक तरुण आला. शिक्षा भोगून नुकताच सुटला होता. “फादर, काहीही काम द्या, झाडलोट चालेल,” म्हणाला. आम्ही त्याला चहा दिला, थोडे पैसे दिले, आणि ओळखीच्या कोणाची तरी चिठ्ठी घेऊन ये, असे सांगितले. तो पुन्हा आला नाही. त्या दिवशी आम्ही स्वतःची समजूत घातली की चर्चचा पैसा लोकांचा आहे, तो धोक्यात घालण्याचा आम्हांला हक्क नाही. हे तत्त्व बरोबरच आहे. पण तो तिजोरीची किल्ली मागत नव्हता, झाडू मागत होता. धोका पैशाला नव्हता, आमच्या नावाला होता.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो होतो. त्याचे म्हणणे असे, की न्यायाची कृत्ये करत गेल्यानेच माणूस न्यायी होतो. सद्गुण हा सरावाने अंगी येतो. हे खरे असेल, तर ज्याच्या हाती कोणी काही सोपवतच नाही, त्याने प्रामाणिकपणाचा सराव करावा तरी कोठे? आम्ही त्याच्याकडे पात्रता मागत होतो आणि ती कमावण्याची एकमेव वाट बंद करत होतो. पैसे देणे सोपे असते, कारण त्यात देणारा वर आणि घेणारा खाली राहतो. जबाबदारी दिली की दोघे एका पातळीवर येतात. आम्ही दान दिले, विश्वास दिला नाही.

विश्वास आंधळा असावा, असे आमचे म्हणणे नाही. लहान कामापासून सुरुवात करावी, लक्ष ठेवावे. कधी फसवणूकही होईल. पण सुरुवात करावी लागते. त्याच औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बिनभिंतीची बंदी वसाहत सुरू झाली. तिच्यावरून सुचलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा आपल्या कोल्हापूरच्या शांतारामबापूंचा १९५७ सालचा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आणि ज्याने तीन वेळा नाकारले त्या पेत्राच्याच हाती प्रभूने आपली मेंढरे सोपवली, हे तर आपण दर वर्षी ऐकतो.

तेव्हा स्वतःच्या हिमतीवर उभे राहणे म्हणजे काय? कोणाचेही काही न घेता वाढणे, असे नव्हे. तसा माणूस जन्माला यायचा आहे. मिळालेला विश्वास आपल्यापाशीच न थांबवता पुढे देणे, हेच ते असावे. टपाल तिकिटावर एकच चेहरा मावतो. रात्री कंदील घेऊन कारखान्याभोवती फिरणाऱ्या त्या राखणदारांचे चेहरे त्यावर नाहीत, तरी ते तिकीट त्यांचेही आहे.

आपल्यापैकी काहींचे शिरोली, गोकुळ शिरगावात कारखाने आहेत, काहींची दुकाने आहेत. ज्याला कोणी दारात उभे करत नाही असा माणूस या आठवड्यात काम मागायला आला, तर चिठ्ठी मागण्याआधी क्षणभर थांबू या. आम्हीही थांबणार आहोत. कार्यालयाच्या कोपऱ्यात झाडू अजून तेथेच आहे.