कुळ, हेतू आणि प्यादी

पात्राच्या कृतीमागील हेतू त्याच्या स्वभावात शोधावा की समाजरचनेतील त्याच्या स्थानात, हा कथनमीमांसेतला जुना प्रश्न आहे. यासुमी मात्सुनो यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला 'फायनल फँटसी टॅक्टिक्स' (१९९७) हा जपानी संगणकीय व्यूहखेळ तो नव्याने उपस्थित करतो.

या खेळातील इव्हालिस हे काल्पनिक राज्य पन्नास वर्षांच्या युद्धाने खचलेले आहे. वेतन न मिळालेल्या सामान्य सैनिकांनी बंड केले आहे. रामझा हा बिओल्व या सरदार घराण्याचा मुलगा. डेलिटा त्याच घरात वाढलेला, पण आश्रित. बंडखोरांनी डेलिटाच्या बहिणीला, टेटाला, ओलीस धरले असता रामझाचा वडीलबंधू आज्ञा देतो आणि अल्गस तिच्यावर बाण सोडतो. हा अल्गस प्रतिष्ठा गमावलेल्या सरदार कुळातला आहे. हीनकुलीनांविषयीचा त्याचा तिरस्कार त्याच्या स्वतःच्या डळमळीत स्थानातून आलेला आहे.

यानंतर रामझा घराण्याचे नाव टाकतो, तर डेलिटा माणसे वापरत सिंहासनापर्यंत पोहोचतो. एक सज्जन, दुसरा भ्रष्ट, असा निवाडा सोपा आहे. परंतु नाव टाकण्यासाठी आधी ते असावे लागते. रामझाचा त्याग खराच आहे. मात्र त्याची संधी डेलिटाला कधी नव्हतीच. म्हणून डेलिटा निर्दोष ठरतो काय? तसेही नाही. ज्या राणीला तो आधार देतो, तीच अखेरीस त्याच्यावर सुरा चालवते, कारण आपणही त्याचे साधनच होतो अशी तिची खात्री झालेली असते. उतरंड हेतूचे स्पष्टीकरण देते; दोषमुक्ती देत नाही.

खेळाची नियमव्यवस्था मात्र वेगळीच साक्ष देते. रणांगणावर भाडोत्री शिपाई अनुभवाच्या बळावर योद्धा किंवा मांत्रिक होऊ शकतो. कुळ आड येत नाही. कथा जे नाकारते ते नियम देऊ करतात. पण या समतेचा धनी खेळाडू असतो. नको असलेला शिपाई तो काढून टाकतो. पडलेल्याला वेळेत उठवले नाही तर तो कायमचा जातो आणि डाव पुढे सरकतो. टेटाच्या मृत्यूने व्यथित होणारा हाच खेळाडू पुढच्या लढाईत कोणाला बळी द्यायचे याचा हिशेब मांडतो.

तेव्हा या संहितेतील नैतिक प्रश्न पात्रांपाशी संपत नाही. आज्ञा देण्याच्या जागी बसलेल्या वाचकाचाही हेतू तपासावा लागतो, आणि तो त्याच्या स्वभावापेक्षा त्या जागेनेच अधिक घडवलेला आढळतो.