कोपरा सोडावा

वाचन : लेवीय, अध्याय १९, वचने ९, १४ व १८



लेवीय ह्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय पुष्कळ जण नियमांची यादी समजून भराभर वाचून टाकतात. परंतु त्यातील तीन आज्ञा एकत्र ठेवून पाहिल्या असता आपल्या गावोगावच्या एका तंट्यावर चांगला उजेड पडतो. नवव्या वचनात शेतधन्याला सांगितले आहे की, कापणीच्या वेळी शेताचे कोपरे सोडावेत. चौदाव्यात सांगितले आहे की, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये. आणि अठराव्यात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची ती आज्ञा आहे, जी प्रभु येशूने सर्व आज्ञांत दुसरी मोठी म्हणून सांगितली.

तो तंटा कुंपणाचा होय. राहुरी-श्रीरामपूरच्या बागायतीत जा, की पाथर्डी-पारनेरच्या जिरायतीत; वीतभर जागेवरून भाऊबंद एकमेकांशी बोलेनासे झाले, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात कोणास नवी नाही. बांध कोरल्यावरून होणारी भांडणे जुनीच आहेत. आता घराभोवतीच्या कुंपणाची त्यांत भर पडली आहे. कोणी शेर लावतो, कोणी घाणेरी वा मेंदी, कोणी पत्रे उभे करतो. जेथे दोन रस्ते मिळतात तेथे ते कुंपण माणसाच्या डोक्यावर जाते, आणि पलीकडून कोण येत आहे ते दिसत नाही. शेजारी म्हणतो, "दादा, कोपऱ्यावरचे तेवढे छाटा, पोरे शाळेतून येतात." धनी उत्तर देतो, "जागा माझ्या उताऱ्यावर आहे. तुम्ही आपली पोरे सांभाळा." शब्दाने शब्द वाढतो, आणि रविवारी दोघेही एकाच मंदिरात येऊन दोन बाजूंस तोंडे फिरवून बसतात.

ह्याविषयी तीन गोष्टींचा विचार करू.

पहिली गोष्ट, मालकी. पवित्र शास्त्र मालकी नाकारीत नाही. शेजाऱ्याची मेर सरकवणाऱ्यास अनुवादात शाप सांगितला आहे, आणि नाबोथाचा मळा बळकावणाऱ्या अहाब राजाला एलीया संदेष्ट्याने तोंडावर दोष दिला. प्रभूच्या दाखल्यात द्राक्षमळा लावणारा गृहस्थ स्वतः भोवती कुंपण घालतो. तेव्हा कुंपण हे पाप नव्हे. शेळ्या-गुरांपासून झाड राखावे, चोराला आडकाठी व्हावी, घरच्या बायामाणसांना आडोसा असावा, ह्या गरजा खऱ्या आहेत. कोणी कुंपण घातले म्हणजे वैर धरले, असे शेजाऱ्याने समजू नये.

परंतु कोपरा सोडण्याची आज्ञा कोणास दिली, हे नीट पाहा. ज्याचे शेत मेरेपर्यंत पुरते त्याचे स्वतःचे आहे, त्यालाच ती दिली. शेत त्याचे नसते तर आज्ञेची गरजच नव्हती. म्हणून "जागा माझी आहे" एवढे म्हटल्याने आज्ञा संपत नाही. ती तेथूनच सुरू होते. शेतधन्याने गरिबासाठी व परक्यासाठी काही मागे ठेवावे, ह्या नियमामुळेच मवाबाहून आलेल्या विधवा रूथला बवाजाच्या शेतात सरवा वेचता आला. तिच्या वंशात दावीद जन्मला, आणि दाविदाच्या वंशात आपला तारणारा. मागे ठेवलेल्या मूठभर कणसांतून देव एवढे घडवितो.

दुसरी गोष्ट, आंधळ्याची वाट. ज्या कोपऱ्यावर पलीकडचे दिसत नाही, तेथे डोळस मनुष्यही आंधळा होतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल एका सेकंदात १० मीटर पुढे जाते. समोर मूल दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच सुमारे एक सेकंद जातो. कुंपणामुळे मूल पाच मीटरांवर आल्यावर दिसले, तर ब्रेक लावण्याची वेळ टळून गेलेली असते. सहा वर्षांचे मूल चार फुटांहून उंच नसते. पाच फुटी कुंपणामागे ते पूर्ण झाकले जाते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, त्यानंतर ह्या जिल्ह्यात कारखाने वाढत गेले. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर गावातून जातो, तो असा एकाएकी थांबत नाही. आणि रस्त्याच्या वळणावर उभा असलेला पुरुषभर उंच ऊस, तोही तेथे कुंपणच होय.

मोशेच्या नियमशास्त्रात घराच्या धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे, म्हणजे कोणी पडून मेल्यास त्या घरावर रक्तदोष येऊ नये. उघड्या खड्ड्यात दुसऱ्याचा बैल पडला, तर खड्डा खणणाऱ्याने भरपाई करावी, असेही निर्गमात आहे. धाबे बांधणाऱ्याच्या किंवा खड्डा खणणाऱ्याच्या मनात वैर नव्हते. तरी जे आधी दिसण्याजोगे होते त्याचा जाब देव विचारतो. "माझ्या मनात काही नव्हते" हे उत्तर एखाद्या आईच्या रडण्यापुढे पुरे पडेल काय?

तिसरी गोष्ट, शेजाऱ्यावर प्रीती. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा दूर करण्याचा अधिकार १९५८ च्या कायद्याने ग्रामपंचायतीस आहे, आणि शेतवाटेच्या अडवणुकीसाठी १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली दाद मागता येते. शेतजमिनीच्या ताब्याचे वर्षानुवर्षे चाललेले कज्जे मिटावेत म्हणून २०२३ साली राज्य सरकारने 'सलोखा' योजना काढली. तीत बारा वर्षांहून अधिक काळ एकमेकांच्या जमिनी कसणाऱ्यांना मुद्रांक शुल्क व नोंदणी फी प्रत्येकी एक हजार रुपये देऊन अदलाबदल करता यावी, अशी सोय केली. सरकार समेटाची वाट सोपी करते, आणि एका भाकरीचे भागी असलेले आपण कचेरीच्या पायऱ्या झिजवावयाच्या काय?

तर असे करावे. ज्याचे कुंपण कोपऱ्यावर आहे त्याने तेथून दोन्ही बाजूंस काही पावले ते कमरेच्या खाली छाटून ठेवावे, अथवा पत्रा काढून आरपार दिसेल अशी जाळी लावावी. उसाच्या धन्याने वळणावरच्या थोड्या सऱ्या रिकाम्या सोडाव्यात. आणि ज्याने मागणी केली त्याने केवळ तक्रार घेऊन जाऊ नये. छाटणीला स्वतः हात लावावा, जाळीचा अर्धा खर्च सोसावा, आणि आपली शेळी बांधून ठेवावी. नगर तालुक्यातील हिवरे बाजार गावाने चराईबंदीचा निर्धार केला व पाळला, तेव्हा डोंगरावरचे गवत तारेवाचून राखले गेले. गावाचा एकविचार हे सर्वांत मजबूत कुंपण होय.

ज्या ख्रिस्ताने यहूदी व विदेशी ह्यांच्यामधील आडभिंत स्वतःच्या देहाने पाडली, त्याच्या मेजाजवळ आपण येतो. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्यास त्यानेच सांगितले आहे. म्हणून येत्या प्रभुभोजनापूर्वी दोघांनी मिळून त्या कोपऱ्यावर जावे, लहान मुलाच्या उंचीइतके वाकून रस्त्याकडे पाहावे, आणि जे दिसत नाही ते दिसेल असे करावे. असे करण्यास देव आपणांस सुबुद्धी देवो. आमेन.