तळघरातला दिवा

बव्हेरियातलं आंडेक्स हे गाव तिथल्या मठातल्या बिअरसाठी प्रसिद्ध आहे. शरीरातल्या घड्याळाचा अभ्यास करणारे मात्र ते एका तळघरामुळे ओळखतात. माक्स प्लांक संस्थेच्या युर्गन आशोफ आणि र्‍युटगर वेव्हर यांनी 1960च्या दशकात तिथे जमिनीखाली दोन खोल्या बांधल्या. खिडकी नाही, घड्याळ नाही, बाहेरचा आवाज नाही. माणसं तिथे आठवडेच्या आठवडे राहायची. भूक लागली की जेवायची, झोप आली की दिवा मालवायची. पाव शतकात चारशेहून अधिक जणांनी हा अज्ञातवास आपणहून पत्करला.

दोन खोल्यांत फरक एकच होता. एका खोलीला धातूचं कवच होतं, त्यामुळे बाहेरची विद्युतचुंबकीय क्षेत्रं आत जवळजवळ पोचत नव्हती. त्या खोलीतल्या माणसांचा ‘दिवस’ किंचित लांबला. झोपेचं चक्र आणि शरीराच्या तापमानाचं चक्र एकमेकांपासून सुटण्याचे प्रसंगही तिथे जास्त घडले. मग वेव्हरने त्याच खोलीत 10 हर्ट्झचं अगदी क्षीण विद्युतक्षेत्र सोडलं, मीटरला अडीच व्होल्ट. दिवस पुन्हा आखडला.

विद्युतक्षेत्रांना घाबरणाऱ्यांसाठी हा पुरावा हक्काचा आहे, आणि तो खोटा नाही. पण त्या तळघरातली दुसरी एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. दिव्याचं बटण राहणाऱ्याच्या हातात होतं. माणसाच्या घड्याळावर प्रकाशाचा फारसा अंमल चालत नाही, असाच तेव्हा समज होता. तिथे माणसाचा नैसर्गिक दिवस साधारण 25 तासांचा निघाला. 1999मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स झाइसलर यांनी प्रकाश अत्यंत मंद ठेवून पुन्हा मोजमाप केलं, तर तो 24 तास 11 मिनिटांच्या आसपास भरला. वरचा बराचसा वेळ त्या दिव्याने वाढवला होता! अदृश्य क्षेत्र अडवायला भिंतींना कवच घातलं, आणि डोळ्यांसमोरचं विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजायचं राहिलं. प्रकाशही विद्युतचुंबकीय क्षेत्रच आहे.

मेलाटोनिन या रात्री स्रवणाऱ्या संप्रेरकाच्या इतिहासातही प्रकाश असाच उशिरा आला. 1958मध्ये येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आरोन लर्नर यांनी ते गाईबैलांच्या पिनिअल ग्रंथींतून वेगळं काढलं. ते शोधत होते कोडावरचा उपाय. तीव्र प्रकाशाने माणसाचं मेलाटोनिन रात्री दबतं, हे कळायला 1980 साल उजाडलं.

त्यानंतर सात वर्षांनी रिचर्ड स्टीव्हन्स यांनी शंका मांडली, की विजेच्या तारांभोवतीची क्षेत्रं आणि रात्रीचा प्रकाश, दोन्ही मेलाटोनिन घटवत असतील आणि त्यातून स्तनांचा कर्करोग वाढत असेल. शंका रास्त होती, म्हणून ती तपासली गेली. कॅन्सस सिटीत चार्ल्स ग्रॅहम यांनी स्वयंसेवकांना रात्रभर 20 मायक्रोटेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलं. घरात सहसा असतं त्याच्या हे शेकडो पट. पहिल्या प्रयोगात काही जणांवर परिणाम दिसल्यासारखा वाटला. तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो टिकला नाही. स्टीव्हन्स यांच्या शंकेचा दुसरा अर्धा भाग मात्र बळावत गेला. रात्रपाळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2007मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं. तारांभोवतीची चुंबकीय क्षेत्रं त्याखालच्या, ‘शक्यता आहे’ या गटात आहेत, आणि तीही बालकांच्या रक्ताच्या कर्करोगामुळे, मेलाटोनिनमुळे नव्हे.

हा फरक का पडतो? निळ्या प्रकाशाच्या एकेका कणात एक रेणू वाकवण्याइतकी ऊर्जा असते. डोळ्याच्या पडद्यावरच्या काही पेशींत मेलानोप्सिन असतं. त्याला हा प्रकाश लागला की मेंदूतल्या घड्याळाला ‘उजाडलं’ असा निरोप जातो. विजेच्या तारांभोवतीच्या 50 हर्ट्झच्या क्षेत्रात किंवा मोबाइल टॉवरच्या लहरींत हे करायची ताकद नाही. म्हणून प्रकरण बंद झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. ओल्डनबर्गच्या संशोधकांनी 2014मध्ये दाखवलं, की शहरातल्या रेडिओलहरींच्या गोंगाटात रॉबिन पक्ष्यांचं दिशाज्ञान हरवतं आणि अ‍ॅल्युमिनियमच्या आडोशात परत येतं. ज्या क्रिप्टोक्रोम प्रथिनांवर यासाठी संशय आहे, त्यांचीच भावंडं आपल्या घड्याळातही आहेत. दार किलकिलं ठेवावं. पण सगळी माणसं त्या फटीपाशी उभी करून घराचा पुढचा दरवाजा सताड उघडा टाकण्यात काय शहाणपण आहे?

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गच्चीवरच्या टॉवरविरुद्ध दोन तास भांडण झालं. त्याच सभेत जिन्यात आणि पार्किंगमध्ये जास्त पांढरे, जास्त प्रखर एलईडी बसवायचा ठराव दोन मिनिटांत, एकमताने मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. कोजागिरीचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं. आपल्या दिवाणखान्यात झोपेपर्यंत शंभर-दोनशे लक्स सहज असतात. बॉस्टनमधल्या एका अभ्यासात, झोपण्याआधीच्या काही तासांतल्या तेवढ्याशा प्रकाशानेही मेलाटोनिनची रात्र सुमारे दीड तासाने तोकडी झाली. अमावास्या आपण कॅलेंडरवर पाहतो, घरात ती येत नाही.

टॉवरची धास्ती असेल तर ती मोजून घ्यावी. 2012मध्ये आपल्याकडची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठरवली गेली, आणि दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर मोजणीसाठी अर्ज करता येतो. अर्ज जरूर करा. फक्त रात्री अकराला ट्यूबलाइटखाली बसून करू नका, सकाळी करा.