राखणदारांचा हक्क

राजस्थानातील अलवर जिल्ह्यात, अरवलीच्या डोंगररांगांत, अरवरी नावाचा एक लहानसा प्रवाह आहे. डोंगर उघडे पडले, पावसाचे पाणी अडविणारे मातीचे जुने बांध, ज्यांना तेथे जोहड म्हणतात, निकामी झाले आणि हा प्रवाह पावसाळ्यापुरताच उरला. १९८५ नंतरच्या काळात तरुण भारत संघाच्या साहाय्याने भांवता-कोल्याला व इतर गावांनी श्रमदानाने जोहड बांधले, जंगल राखले. मुरलेले पाणी विहिरींत उतरले आणि १९९५ च्या सुमारास अरवरी पुन्हा बारमाही झाली.

पाण्याबरोबर मासे आले. माशांबरोबर वादही आला. १९९६ मध्ये शासनाने मासेमारीचा ठेका दिला. गावांच्या विरोधामुळे तो रद्द झाला. पण मासे आपल्याला मिळावेत, अशी गावांची मागणी नव्हती. मासे पाण्यातच राहावेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

ज्या वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो ती त्याची होते, असे लॉकने प्रतिपादिले. मात्र इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे, अशी अटही त्याने घातली. वाहत्या पाण्याच्या बाबतीत ही अटच मुख्य ठरते. बांध गावाने घातला, पाऊस गावाने पाडला नाही. आणि वरच्या गावाने उपसलेले पाणी खालच्या गावाला दिसतही नाही. म्हणून श्रमातून येथे स्वामित्व नव्हे, तर राखणीचा अधिकार निष्पन्न होतो. १९९९ मध्ये सुमारे सत्तर गावांची ‘अरवरी संसद’ स्थापन झाली. तिला कायद्याचे पाठबळ नव्हते. ऊस व भात यांसारखी पाणीखाऊ पिके घेऊ नयेत, होळीनंतर पावसाळ्यापर्यंत नदीतून थेट उपसा करू नये, असे निर्बंध तिने आपल्याच गावांवर घातले. दुसऱ्याला मनाई करण्याचा नैतिक आधार तिने स्वतःच्या संयमात शोधला.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. पाणी चढते ते विहिरीला, आणि विहीर असते जमीनवाल्याची. बांधावर माती टाकणाऱ्या भूमिहीनाने संयम पाळायचा तो कशाचा? त्याच्या श्रमाचे फळ चारा, सरपण आणि मजुरी यांच्या रूपाने त्याच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर राखणदारी ही मालकीचेच सौम्य नाव ठरेल. नदी वाहती राखणे हे अर्धे कर्तव्य झाले. तिच्या काठावरचा वाटा न्याय्य राखणे हे उरलेले अर्धे, आणि ते अधिक अवघड आहे.