निष्काम कर्म आणि माळी

झाड लावणारा एक आणि त्याच्या सावलीत बसणारा दुसरा, हा सृष्टीचा नेहमीचाच क्रम आहे. त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो असा की, सावलीत बसणाराने लावणाराची आठवण ठेवावी की नाही, आणि न ठेवल्यास त्यात काही अधर्म घडतो काय?

जुन्नर तालुक्यातील हिवरे येथे एकोणिसाव्या शतकात सरकारी वनस्पतिउद्यान होते. पुण्याजवळील दापोडीच्या बागेची ती शाखा. दोहोंचा कारभार डॉ. अलेक्झांडर गिब्सन पाहत. 1847 साली ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. 1861 साली डॅल्झेल यांच्यासह लिहिलेला त्यांचा 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका आमरीच्या शास्त्रीय नावात तर 'गिब्सोनी' हे पद कायमचे जडले आहे. हा मान त्यांस योग्यच मिळाला. परंतु ऐन उन्हाळ्यात पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यांतून फिरविणारे, आळी खणणारे, रोपांस वाळवी लागू नये म्हणून जपणारे जे हात, त्यांस ग्रंथाच्या मुखपृष्ठावर जागा नव्हती. दापोडीच्या वनस्पतींची सुंदर चित्रे एडिंबरोच्या उद्यानात आजही जतन केलेली आहेत. त्यांच्या चित्रकाराचेसुद्धा नाव उरलेले नाही. मग माळ्याची काय कथा!

हा प्रकार इंग्रजांनीच आणला असेही नाही. जुन्नरजवळच्या मानमोडीच्या लेण्यांत शेतजमिनींची दाने शिलेवर कोरलेली आहेत. दात्यांची नावे शतकानुशतके टिकली. जमीन कसणारा मात्र अनामिकच राहिला.

यावर कोणी म्हणेल, फलाची आशा न धरता कर्म करावे हीच आपली शिकवण. माळ्यास नाव कशास हवे? आमच्या मते विचाराची फसगत होते ती येथेच. निष्कामता हा कर्त्याने स्वतःस लावून घ्यावयाचा नियम आहे; भोक्त्याने तो कर्त्याकडून कराप्रमाणे वसूल करावयाचा नाही. माळी नाव मागत नाही हे त्याचे मोठेपण. आपण ते विचारीत नाही हा निव्वळ आपला आळस. या आळसास तत्त्वज्ञानाचे वस्त्र नेसविले म्हणजे तो सद्गुण ठरत नाही.

आज जुन्नर-आंबेगावच्या कॉलेजांच्या आवारांतही कोणी तरी रोपास पाणी घालीत असतो. विद्यार्थी झाडाचे लॅटिन नाव पाठ करतो. ते झाड पहिले दोन उन्हाळे ज्याने जगविले, त्याचे नाव त्यास कोणी शिकवीत नाही. वार्षिक अहवालात देणगीदारांच्या यादीशेजारी ते छापावयास एक ओळ पुरते. त्या ओळीने माळ्याचे निष्काम कर्म बाटणार नाही. आपले शिक्षण मात्र थोडे अधिक पुरे होईल.